कॉलेजात पर्मनंट होऊन पटकथा लिहिणं जमतं का? (सेट परीक्षा पास झालेय, हातात एक फिल्म आलीय)

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरकडे मास कॉमला सीएचबीवर (म्हणजे तासावर पैसे) शिकवते, हे चौथं वर्ष. मागे एक शॉर्टफिल्म लिहिली होती ती एका प्रोड्यूसरने पाहिली आणि आता तो म्हणतोय फीचर (पूर्ण लांबीची फिल्म) लिहा, साइनिंग (सही करतानाचे आगाऊ पैसे) देतो, पहिला ड्राफ्ट चार महिन्यांत पाहिजे. आणि नेमकी आत्ताच जवळच्या एका ग्रँटेड (सरकारी अनुदानाच्या) कॉलेजात फुल टाइम जागा निघालीय. घरचे म्हणतात एवढी वर्षं तासांवर काढलीस आता ही जागा सोडू नको, बाबा तर रोज जेवताना सातव्या वेतन आयोगाचा आकडा ऐकवतात (५७,७०० बेसिक, मला झोपेत पण पाठ आहे). पण मला पुढे दिग्दर्शन पण करायचंय. पर्मनंट झाल्यावर वेळ मिळतो का खरंच? परवानगीचं काय असतं? कुणी केलंय का?

बॅकबेंचर_सर:
अकरा वर्षं करतोय, म्हणून जरा मोठं लिहितो. लिहिणं जमतं. दिग्दर्शन टर्म चालू असताना जमत नाही, मला तरी नाही जमलं.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असं आहे, ऐकायला काहीच वाटत नाही, पण नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, पेपर तपासणी, ॲडमिशन कमिटी आणि इलेक्शन ड्युटी त्यात कुठे धरलीय. मी पहाटे पाच ते सात लिहितो कारण दिवसभर शिकवून संध्याकाळी लिहायला बसलं की सगळी पात्रं लेक्चर द्यायला लागतात, हसू नका, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हिरॉइनचा बाप सव्वा पान एकटा बोलायचा आणि मध्येच 'लक्षात आलं का' म्हणायचा!

एकदा हौसेने दिवाळीच्या सुट्टीत अठरा दिवसांचं शेड्यूल लावलं, परतीच्या पावसाने चार दिवस खाल्ले, सुट्टी संपली, मी मेडिकल टाकून शूट पूर्ण केलं आणि कुणीतरी सेटवरचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकला. पुढचं सांगत नाही.

परवानगी लेखी घ्याच. अधूनमधून केलेलं साहित्य-कलेचं काम वेगळं आणि कायमचा जोडधंदा वेगळा असा फरक सगळीकडे करतात, पण नेमकं काय चालतं ते नियुक्तीपत्रात आणि युनिव्हर्सिटीच्या नियमांत बघा, स्टाफरूममध्ये विचारू नका. प्रमोशनला पेपर मोजले गेले, माझी फिल्म कुठल्या रकान्यात टाकायची ते कमिटीत कुणालाच कळेना.

इंटरव्हल:
पुलं बेळगावच्या राणी पार्वतीदेवी आणि मुंबईच्या कीर्ती कॉलेजात शिकवायचे, सिनेमे पण केले की.

बॅकबेंचर_सर:
तेव्हा नॅक नव्हतं हो.

कट_टू_चहा:
ताई, मी उलटं केलं, नोकरी सोडून अंधेरीत आलो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, आधी कॉन्ट्रॅक्टचं बोलू. साइनिंगचा आकडा बघून सही करू नका. पैसे टप्प्यांत येतात आणि मोठा टप्पा 'शूट सुरू झाल्यावर' असा लिहिला असेल तर ते पैसे आलेच नाहीत असं धरून चाला, फिल्म फ्लोअरवर गेलीच नाही तर काय करणार? फायनल ड्राफ्ट दिला की बहुतेक रक्कम हातात पडेल असं लिहून घ्या, आणि किती रीरायटिंग फुकट तेही.

एसडब्ल्यूएचं (स्क्रीनरायटर्स असोसिएशन, पटकथाकारांची संघटना) मेंबर व्हा आणि नरेशनच्या (कुणाला गोष्ट ऐकवायच्या) आधी स्क्रिप्ट रजिस्टर करा, ऑनलाइन होतं. तो फक्त तारखेचा पुरावा असतो, लोकांना वाटतं तोच कॉपीराइट. आणि नोकरी घेणारच असाल तर हे पण बघा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची. म्हणून तुमची फीचर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर, कॉलेजच्या ईमेलवर, वर्गातला एक्झरसाइज म्हणून वगैरे अजिबात नको.

सावेडी_नाका:
नगरकर आहे म्हणून हे बोलणारच. नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' इथल्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना केलेली, नॅशनल अवॉर्ड घेऊन आली. डिपार्टमेंटमध्ये बसून फिल्म होते, फक्त ती पोरांची होते, सरांची नाही. मी पण शिकवतो. वर्षाला चाळीसेक पोरांच्या स्क्रिप्ट वाचतो, त्याने माझं लिहिणं सुधारलं पण हिंमत गेली, प्रत्येक सीनला मीच लाल पेन लावतो.

बाकी जागा सोडलीत तर दार कायमचं बंद असं नाही. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस (फील्डमधल्या अनुभवी माणसांना शिकवायला घ्यायची पोस्ट) म्हणून यूजीसीने २०२२ ला काढलंय, नेट-पीएचडी लागत नाही, पण १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि ती पोस्ट पर्मनंट नसते. बाबांना हे सांगून उपयोग नाही.

रात्रपाळी:
सगळ्यांना थँक्स. प्रोड्यूसरला काल फोन केला, चारच्या जागी सात महिने मागितले, तो म्हणाला चालेल पण साइनिंग अर्धं. फॉर्म पण भरलाय. सर, एक विचारायचं राहिलं, इंटरव्ह्यूत फिल्मचं आपणहून सांगायचं का विचारलं तरच?

बॅकबेंचर_सर:
शॉर्टफिल्मचं सांगा. फीचरचं जॉइन झाल्यावर, परवानगीच्या अर्जासोबत. आणि अर्धं साइनिंग घेऊ नका, सहा महिने म्हणा आणि पूर्ण मागा.