मी फक्त अंगठा टाकला होता

कायम_कारकून
गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर एकाने फॉरवर्ड टाकला. अमुक लोकांना कामावर ठेवूच नये, अशा थाटाचा. त्या लोकांपैकी एक जण माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो, ग्रुपवरही आहे. चार-पाच अंगठे पडले, मग साहेबांचा पडला, मग मीही टाकला. पूर्ण वाचलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखा माझ्याकडे स्टेपलर मागायला आला नाही. उठून लांबच्या कपाटातून घेऊन आला. बोलला काहीच नाही.

सध्या हिटलर-मुसोलिनीच्या काळावर वाचतोय आणि तो स्टेपलर काही डोक्यातून जात नाही. तेव्हाची साधी माणसं नेमकी कुठल्या पायरीवर त्यात सामील झाली? आणि आज आपण करायचं काय? ('माणूस मुळातच वाईट' वगैरे नको, ऐकून झालंय.)

जुनी_फाईल
पायरी तुम्हीच सांगितलीत की. ऑक्टोबर १९४०, जर्मनांच्या ताब्यातला नेदरलँड्स. सरकारी नोकरांना एक फॉर्म आला: तुम्ही ज्यू आहात की नाही, एवढंच भरायचं. शिक्षक, प्राध्यापक, कारकून, जवळपास सगळ्यांनी भरला. कुणाला मारा असं कुठे म्हटलं होतं? फॉर्म आला, भरला, टपालात टाकला. नोव्हेंबरमध्ये ज्यू नोकर घरी बसवले गेले.

इटलीत १९३१ साली प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली. बाराशेच्या आसपास माणसं, नकार देणारे जेमतेम डझनभर. त्यात गणितज्ञ व्होल्तेरा होते. 'आपण जागा सोडली तर तिथे त्यांचाच माणूस बसेल' असं म्हणून कित्येकांनी सही केली. हे म्हणणारे मूर्ख नव्हते, हीच तर पंचाईत. तत्त्वज्ञ क्रोचेसारख्या मुसोलिनीच्या विरोधकानेही हाच सल्ला दिला होता.

सडेतोड७
उगाच बाऊ. अंगठा टाकला म्हणजे नाझी झालात का? आणि तेव्हा नाही म्हटलं असतं तर सरळ गोळी घातली असती.

जुनी_फाईल
गोळीचं सगळेच म्हणतात. १३ जुलै १९४२, पोलंडमधलं युझेफूफ. हॅम्बुर्गची राखीव पोलीस बटालियन १०१, सुमारे पाचशे माणसं. गोदी कामगार, ट्रक ड्रायव्हर असे, बरेचसे बालबच्चेवाले. मेजर ट्राप सकाळीच म्हणाला, वयस्कर लोकांपैकी ज्याला हे काम झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. दहा-बारा जण झाले. त्यांना कुणी गोळी घातली नाही. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत दीड हजारांच्या आसपास ज्यू मारले. चारचौघांत भेकड दिसायचं नव्हतं, असं त्यातल्या काहींनी पुढे चौकशीत सांगितलं.

चारचौघांत. तुमच्या ग्रुपवरही तेच झालं ना?

करायचं काय, तर नॉर्वेचे शिक्षक बघा. १९४२ मध्ये तिथला नाझीधार्जिणा सत्ताधारी क्विसलिंग याने त्यांना नाझी संघटनेत भरती व्हायचा हुकूम काढला. शिक्षकांनी छोटासा मजकूर ठरवला. सगळ्यांचा तोच, पण पत्र ज्याचं त्याचं, खाली स्वतःची सही. हजारोंनी धाडलं. अकराशेच्या आसपास पकडले, त्यातले पाचशेहून जास्त पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीला पाठवले. तरी ती संघटना उभी राहिली नाही, आणि वर्ष संपायच्या आत शिक्षकांना सोडावं लागलं.

कायम_कारकून
धन्यवाद. काल अंगठा काढला आणि ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: 'हा मेसेज मला मान्य नाही. मी न वाचता अंगठा टाकला, ती माझी चूक.' तासभर सामसूम. मग साहेबांनी रजेच्या अर्जांचं काहीतरी टाकलं आणि सगळे त्यावर तुटून पडले. शेजारचा अजून कपाटापर्यंतच जातो, त्यात नवल नाही.

रात्री एकीचा खासगीत मेसेज आला, 'बरं केलंत.' मी म्हटलं, हेच ग्रुपवर लिहाल का? मजकूर हवा तर माझाच घ्या, नाव तुमचं.

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही अजून.