पॅनेल व्होल्ट दाखवतं, पण मोटर हलत नाही

डिचोलीचा फळा: नववीचा सौरऊर्जेचा तास प्रत्यक्ष प्रयोगांनी घ्यायचा आहे. ६ व्होल्ट, १०० मिलिअँपिअरची चार पॅनेलं, खेळण्यातल्या मोटरी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर जमवलाय. ट्यूबलाइटखाली पॅनेल तीनेक व्होल्ट दाखवतं, मोटर मात्र ढिम्म. उन्हात बोटाने ढकलली तर फिरते, पाती लावली की थांबते. पॅनेलं खराब आहेत का? ३५ मिनिटांत मुलांना नेमकं काय मोजायला देऊ?

सोल्डरगन: पॅनेलं ठणठणीत आहेत. नुसता मीटर लावलेला असताना उजेड घटला तरी व्होल्टेज फारसा पडत नाही. करंट मात्र उजेडाच्या प्रमाणात घसरतो. ट्यूबलाइटखाली तो एक मिलिअँपिअरही भरत नाही. मोटरला सुरू होतानाच सर्वांत जास्त करंट लागतो. तीन पॅनेलं समांतर जोडा, लाल तारा एकत्र, काळ्या एकत्र. एकसर जोडलीत तर व्होल्टेज वाढेल, करंट तेवढाच राहील.

मुलांना करंटच मोजायला द्या. मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवून थेट एका पॅनेलला लावा, पॅनेलला त्याने काही होत नाही. बॅटरीला असं कधीच लावू नये, हे मात्र दोनदा सांगा. तीन पॅनेलांना लाल तार १० अँपिअरच्या भोकात, नाहीतर मीटरचा फ्यूज जायचा.

माडाखाली: कोनाचा प्रयोग सोडू नका. पॅनेल पुठ्ठ्यावर चिकटवा, शेजारी एक खिळा काटकोनात उभा. खिळ्याची सावली नाहीशी झाली की पॅनेल थेट सूर्यासमोर. तिथून कोनमापकाने १५-१५ अंश कलवत जा. ६० अंशांवर करंट निम्मा यायला हवा. येतो थोडा जास्त, कारण आकाशाचा विखुरलेला उजेडही पॅनेलवर पडतो. पांढऱ्या भिंतीपासून लांब राहा.

दुसरं पॅनेल आडवं, न हलवता ठेवा आणि प्रत्येक वेळी त्याचंही वाचन घ्या. पातळ ढग डोळ्यांना कळत नाही, आकड्यांना कळतो.

आणि १२ वाजता ऊन डोक्यावर असतं असं फळ्यावर लिहू नका. गोवा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बराच पश्चिमेला आहे, त्यामुळे जानेवारीत खरी मध्यान्ह पाऊणच्या सुमारास होते.

डिचोलीचा फळा: समांतर जोडल्यावर पातीसकट फिरली! आता नवीन कोडं. पुठ्ठ्याने एका पॅनेलचा अर्धा भाग झाकला तर करंट निम्मा झाला, तेच पॅनेल दुसऱ्या दिशेने अर्धं झाकलं तर जवळजवळ शून्य.

सोल्डरगन: आतल्या पट्ट्या मोजा, बहुधा १२ निघतील, प्रत्येकी साधारण अर्धा व्होल्ट, सगळ्या एकसर. पुठ्ठा पट्ट्यांना आडवा धरला तर प्रत्येक पट्टी अर्धी उघडी राहते. समांतर धरला तर काही पट्ट्या पूर्ण अंधारात जातात आणि त्या बाकीच्यांचा करंट अडवतात. छपरावरच्या पॅनेलवर माडाच्या झावळीची सावली पडली की हाच घोटाळा होतो. मोठ्या पॅनेलांत त्यासाठी बायपास डायोड, म्हणजे अंधारातल्या पट्ट्यांना वळसा घालून करंट पुढे नेणारे भाग असतात, तुमच्या छोट्यात बहुतेक नसणार.

कारण आधी सांगू नका, मुलांना पुठ्ठा फिरवू द्या.