पॅशनफ्रूटचे पाच प्रकार चाखले, निकाल फसला! तुलना नीट कशी करायची?

चिंचगोळी

नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण पॅशनफ्रूट चाखायला बसलो. वही, पेन, चमचे, गुणांचा तक्ता, सगळा जामानिमा. तासाभरात निकाल लागला, आणि तो चुकलाय हे मला रात्री ओटा आवरताना कळलं. म्हणून हा धागा. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

फळं जमवायलाच मला महिना लागला. एक नेहमीचं जांभळं, लिंबापेक्षा थोडं मोठं. दुसरं पिवळं, त्याच्या जवळजवळ दीडपट, तुळतुळीत सालीचं. तिसरं नारिंगी, ज्याला स्वीट ग्रॅनाडिला म्हणतात. त्याची साल कडक असते, अंगठ्याने दाबली की अंड्यासारखी टचकन फुटते. आत कापसासारखा पांढरा थर, आणि त्याच्या आत करड्या जेलीसारखा गर. (हा गर पाहून एकाने चमचा खालीच ठेवला होता. दिसायला बेडकाची अंडीच, खोटं कशाला बोलू.) चौथं लांबुडकं, मऊ पिवळ्या सालीचं बनाना पॅशनफ्रूट. आणि पाचवं एक बिननावाचं. मैत्रिणीच्या वेलाचं, रंग तांबूस-जांभळा, आकार मात्र पिवळ्याएवढा. तिला ते रोप कुणीतरी दिलं होतं, जात कुणालाच ठाऊक नाही.

फळं फ्रिजमधून काढली, कापली, याच क्रमाने एकेक चमचा खाल्लं आणि दहापैकी गुण दिले. सरासरी अशी: जांभळं ८, पिवळं ४, नारिंगी ३, लांबुडकं २, बिननावाचं ५. नारिंगीपुढे तिघांनी "साखरेचं पाणी" असं लिहिलं. लांबुडक्याने तोंड असं कोरडं पडलं की दोघांनी पाण्याचा तांब्याच उचलला.

मग रात्री आवरताना उरलेलं अर्धं नारिंगी तोंडात टाकलं. तोवर त्याचा थंडपणा पार गेला होता. आणि काय सांगू, पाणीबिणी काही नाही! फुलासारखा वास, मधासारखी गोडी. मग शंका आली म्हणून जांभळ्यांच्या टोपलीतलं एक न सुरकुतलेलं फळ कापलं. ते इतकं आंबट की डोळे मिटले. वेल तोच, तोडणीही एकाच दिवशीची. मग आम्ही ८ गुण दिले कशाला, जातीला की सुरकुत्यांना?

पुढच्या शनिवारी परत बसायचंय. क्रम कसा लावू? पिकलेपणा सारखा कसा धरू? आणि ते बिननावाचं नक्की कोण? जाणकारांनी कृपया सांगावं.

मांडवाखाली

ताई, वेल लावून मला बारा वर्षं झाली, म्हणून मधे बोलतो.

मुळात "तोडणी" हाच शब्द खटकला. जांभळं आणि पिवळं तोडायचं नसतं, वेचायचं असतं. पिकलं की देठ आपोआप सुटतो आणि फळ खाली पडतं. पडतं तेव्हा जांभळंसुद्धा तुळतुळीतच असतं. सुरकुत्या नंतर पडतात, सालीतलं पाणी उडतं म्हणून. त्या चार-सहा दिवसांत आंबटपणा उतरतो आणि वास चढतो. तुमच्या टोपलीत वेलावर थोडी कच्ची असलेलीही खुडून आलीत, दुसरं काही नाही. सुरकुत्याही किती, याला माप आहे. हाताला फळ अजून जड लागत असेल तर उत्तम. हलकं फूल झालं असेल आणि हलवल्यावर आत खुळखुळत असेल तर उशीर झाला, आंबूस वास यायला लागतो.

पिवळ्याची साल जाड, ती लवकर सुरकुतत नाही. म्हणून लोक ते तुळतुळीत असतानाच कापतात आणि आंबट आंबट म्हणून नावं ठेवतात. तेही पडल्यावर काही दिवस बाहेर राहू द्या. तरी ते जांभळ्यापेक्षा आंबटच राहणार, तो त्याचा स्वभाव आहे. पण ४ गुणांचं नक्की नाही.

लांबुडकं तुरट लागलं म्हणजे कच्चं होतं. साल पूर्ण पिवळी होऊन फळ बोटाखाली सहज दबलं पाहिजे. आणि एक सांगून ठेवतो, या कुळातली हिरवी कडक फळं हौसेने चाखू नका. कच्च्या फळात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, पिकताना ती कमी होतात.

आता बिननावाचं. सालीच्या रंगावर जाऊ नका. जांभळं आणि पिवळं ही एकाच जातीची, पॅसिफ्लोरा एड्युलिसची, दोन रूपं आहेत. त्यांचे संकर भरपूर झालेत. भारतातलं 'कावेरी' हे वाण जांभळं गुणिले पिवळं असंच. ऑस्ट्रेलियातलं 'पनामा रेड' तर लाल सालीचं आणि मोठं असतं. तुमच्या मैत्रिणीला एवढंच विचारा: फूल किती वाजता उमलतं?

चिंचगोळी

फूल किती वाजता?! घड्याळ लावून बसायला सांगू का तिला? 😄

मांडवाखाली

हो, खरंच सांगा. जांभळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. पिवळ्याचं दुपारी बाराच्या आसपास उमलतं ते रात्री नऊ-दहापर्यंत उघडं असतं. माझ्याकडे दोन्ही आहेत, सकाळच्या चहाला एक मांडव आणि जेवणानंतर दुसरा.

अजून तीन खुणा. पिवळ्याच्या कोवळ्या फांद्यांवर आणि तणाव्यांवर लालसर झाक असते, जांभळ्याचे हिरवे असतात. पिवळ्याच्या बिया गडद तपकिरी, जांभळ्याच्या काळ्या. आणि जांभळ्याचा एकटा वेलही स्वतःच्या परागावर फळ धरतो. पिवळ्याला मात्र दुसऱ्या वेलाचा पराग लागतो, तोही आणणार मोठा काळा भुंगा. मधमाशी त्या फुलाला फार लहान पडते, ती पराग नेते आणि फळ काही धरत नाही. संकर असेल तर या खुणा सरमिसळ होतात, त्यामुळे एकीवर विसंबू नका.

बी_सकट

तुम्ही बिया चावता की गिळता? आमच्याकडे यावरून घरात दोन पक्ष आहेत. 😅

नाकपुडी

बी_सकट यांनी गमतीत विचारलंय, पण प्रश्न कामाचा आहे. बी फुटली की कडसर चव येते. पाचांपैकी दोघांनी चावलं आणि तिघांनी गिळलं, तर ते वेगवेगळी फळं खातायत असंच समजा. आधी एक नियम ठरवा. माझं मत गिळा.

चाखण्याच्या चाचण्या घेणं हे माझं कामच होतं, त्यामुळे बाकीचं मी सांगते.

पहिली चूक फ्रिज. थंड फळाचा वास नाकापर्यंत पोचत नाही आणि गोडीही दबते, आंबट मात्र तसंच राहतं. म्हणजे थंडीने तुमच्या नारिंगीला बुडवलं आणि पिवळ्याचं आंबट उघडं पाडलं. फळं आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा.

दुसरी चूक क्रम. पिवळ्याच्या आम्लानंतर लगेच नारिंगी दिलंत. त्यात आम्ल जवळजवळ नाहीच, मग ते पाणीच लागणार. प्रत्येकाला वेगळ्या फळापासून सुरुवात करू द्या. पाच माणसं, पाच फळं, म्हणजे प्रत्येक फळ एकेकदा पहिलं येतं. मधे साधं पाणी आणि दोन मिनिटं गप्प बसणं. हे दुसरं सगळ्यात अवघड, अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, साल दिसता कामा नये. गर काढून सारख्या वाट्यांत, वाट्यांवर तीन आकडी नंबर. १, २, ३ असे घालू नका, लोक नकळत १ ला जास्त गुण देतात. नारिंगीचा करडा गर तरी ओळखू येईलच, त्यामुळे गडद रंगाच्या वाट्या आणि मंद दिवा.

आणि आधी वास, मग चव. नाक चिमटीत धरून एक चमचा घ्या. फक्त आंबट-गोड कळेल. मग नाक सोडा. सोडल्यावर जे भस्सकन वर येतं ते त्या फळाचं खरं रूप. पॅशनफ्रूटच्या वासात गोडसर फळवासाची एस्टरं असतात, पण त्याची ओळख पटते ती अगदी अल्प प्रमाणातल्या गंधकाच्या संयुगांमुळे. त्यातलं एक सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाच्या वाइनमध्येही असतं. जास्त झालं की हाच वास घामट, मांजराच्या जागेसारखा वाटतो. तुमच्यापैकी कुणी पिवळ्याला "उग्र" म्हटलं होतं का?

चिंचगोळी

म्हटलं होतं! वहीत आहे, "उग्र, पण सोडवत नाही". तेव्हा आम्ही हसलो होतो.

लसावि

माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे, रसातली साखर मोजायचं यंत्र. ब्रिक्स, म्हणजे त्या साखरेचा आकडा, मोजून सगळा वाद एका थेंबात मिटतो. वर एवढा खटाटोप कशाला?

नाकपुडी

मिटत नाही हो. रिफ्रॅक्टोमीटर रसात विरघळलेलं सगळंच मोजतो, साखरेबरोबर आम्लही. पॅशनफ्रूटच्या रसात सायट्रिक आम्ल एवढं असतं की आकडा फुगतो. एक जांभळं आणि एक पिवळं दोन्ही १५ दाखवतील आणि जिभेला जमीन-अस्मानाचा फरक लागेल. साखर भागिले आम्ल काढाल तर काही अर्थ.

त्यापेक्षा हे करा. जांभळ्याचा आणि पिवळ्याचा रस गाळून घ्या, दोन्हींत समान पाणी घाला आणि पिवळ्यात चिमूट चिमूट साखर घालत दोन्ही सारखेच आंबट-गोड लागेपर्यंत आणा. मग डोळे मिटून वासाची तुलना करा. पिवळं चमच्याने खायला हरतं, रसात सहसा जिंकतं. सरबतासाठी आणि रसाच्या कारखान्यांसाठी ते पिकवतात ते उगाच नाही.

नारिंगीला मात्र या रांगेत उभं करू नका. ती जातच वेगळी, पॅसिफ्लोरा लिग्युलॅरिस. मोसंब्याला "तू लिंबापेक्षा कमी आंबट" म्हणून गुण कापण्यासारखं झालं ते. बनानाही वेगळी जात. "कोणतं श्रेष्ठ" न विचारता "काय लागलं" ते लिहून घ्या.

लसावि

बरं, मागे घेतो. मग आकड्यांचंच एक काम सांगतो. सुरकुतलेलं आणि तुळतुळीत यांत खरंच फरक लागतो का, हे तीन वाट्यांनी तपासा. दोन वाट्यांत एक, तिसरीत दुसरं, आणि वेगळी वाटी ओळखायची. नुसता अंदाज बरोबर येण्याची शक्यता तिघांत एक. पाचांपैकी तिघांनी ओळखलं तर फार हुरळू नका, चौघांनी ओळखलं तर दखल घ्या. अंधारात तीर मारून चार किंवा जास्त बरोबर येणं शंभरात साडेचार वेळाच घडतं.

मांडवाखाली

नारिंगीबद्दल राहिलं होतं. त्याला सुरकुत्यांचा नियम लावू नका, त्याचं कवच कडकच राहतं. सालीत हिरवट झाक उरलेली नसावी, एवढं बघा.

चिंचगोळी

मंडळी, झाली दुसरी फेरी. अहवाल देते.

लांबुडकं तीन दिवस टोपलीत ठेवलं होतं, बोटाने दबायला लागलं तेव्हाच घेतलं. तुरटपणा गेला, पण मला ते अजूनही फार काही वाटलं नाही. दोघांना आवडलं.

तीन वाट्यांत चौघांनी वेगळी वाटी ओळखली. पाचव्याने आत्मविश्वासाने चुकीची उचलली आणि वर भाषणही दिलं. एकाच वेलावरच्या दोन जांभळ्यांतला हा फरक आहे बरं का! मागच्या वेळी मी याच टोपलीतून हाताला येतील ती फळं कापून जांभळ्याला आठ गुण दिले होते.

रसाच्या जोडीत पिवळ्याला चार मतं, जांभळ्याला एक. साखर जेमतेम दीड चमचा गेली. वास घेताना सगळे एकदम गप्प झाले, त्या दोन मिनिटांसाठी नाकपुडीताईंना बोलवायला हवं होतं. नारिंगीच्या पुढे या वेळी "मध", "पांढरी फुलं", आणि एकाचं "पिकलेलं खरबूज, पण लाजरं".

बिननावाच्या बिया पांढऱ्या ताटलीत जांभळ्याच्या शेजारी मांडल्या. वेगवेगळ्या बघताना दोन्ही काळ्याच वाटायच्या. शेजारी ठेवल्यावर कळलं, बिननावाच्या चक्क तपकिरी आहेत. मैत्रिणीला फुलावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. दहा वाजता तिचा निरोप आला, "कळी घट्ट, तुझं डोकं फिरलंय." पाऊण वाजता नुसता फोटो आला, पूर्ण उमललेलं फूल. तणावेही लालसर आहेत म्हणते. तिचा वेल एकटाच आहे, फुलं ढीगभर आणि फळं दरवर्षी पाच-सात.

मांडवाखाली काका, म्हणजे हे पिवळ्याच्याच घरातलं ना, साल काहीही असो? आणि तसं असेल तर तुमच्या पिवळ्याची एक फांदी तिला कलमाला मिळेल का? ती भुंग्यांची वाट बघून कंटाळलीये, म्हणते ब्रश घेऊन मीच पराग लावते.

मांडवाखाली

पिवळ्याचं रक्त आहे एवढं नक्की, पुरता संकर आहे की काय ते फळावरून नाही सांगता येणार. फांदी देतो. ब्रश दुपारी एकनंतर लावायला सांगा, फुलाच्या मधल्या तीन दांड्या खाली झुकल्या की. सरळ उभ्या असतील तर पराग लावून उपयोग नाही, फळ धरत नाही.