प्रोबेशनच्या मॅडम घरी येणार आहेत, दाजींचं पिणं सांगायचं की झाकायचं?

मंडळी, जरा घाईतच लिहितोय. गुरुवारी परिविक्षा अधिकारी मॅडम बहिणीच्या घरी येणार आहेत आणि घरात नुसता गोंधळ चालू आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

भाचा साडेसोळा वर्षांचा, अकरावीला. गेल्या आठवड्यात त्याने आणि १९ वर्षांच्या एका पोराने रात्री आळीतली मोटारसायकल काढली, पेट्रोल संपलं तिथे ओढ्याजवळ टाकून परत आले. गाडी सापडली, पण गुन्हा दाखल झाला. भाच्याला दुसऱ्याच दिवशी बाल न्याय मंडळापुढे नेलं, तिथून बहिणीच्या ताब्यात दिलं. आता मॅडम घर बघणार, कॉलेजात विचारणार, शेजाऱ्यांशी बोलणार.

बहिणीने ठरवलंय की दाजींना त्या दिवशी शेतावर धाडायचं (ते पितात, पिऊन पोराला मारतातही) आणि शेजारून अभ्यासाचं टेबल आणून खिडकीपाशी मांडायचं. तिच्या डोक्यात एकच: खरं कळलं तर पोराला रिमांड होमला नेतील. मला हे नाटक पटत नाही, पण तिला खात्रीने काय सांगू? शिवाय शेजारी विचारणा झाली की आळीभर बोभाटा. पोरगा रोज पहाटे पोलीस भरतीसाठी पळतो, त्याचं काय होणार?

प्रतिसाद
काही होत नाही हो. पुण्यात २०२४ साली अल्पवयीन पोराच्या गाडीच्या धडकेत दोन जीव गेले तरी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला होता. तुमची तर नुसती मोटारसायकल.

प्रतिसाद
त्या एका निबंधाने आमच्या कामाचं पार हसं झालं. तो आदेश नंतर बदलला, ते कुणाच्या लक्षात नाही. असो. मी काही वर्षं हेच परिविक्षा अधिकाऱ्याचं काम केलंय.

टेबल आणू नका. पोरगा त्याच्याकडे पाहुण्यासारखा बघतो, लगेच कळतं.

चोरी झाली की नाही हे शोधणं मॅडमचं काम नाही. पोरगा इथवर का आला आणि घरी राहून सावरेल का, एवढं त्यांनी १५ दिवसांत मंडळाला लिहून द्यायचं असतं. त्याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. २०१५ च्या कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. दाजींचं झाकलंत तर अहवालात 'घर ठीक' येईल आणि मार तसाच चालू राहील. सांगितलंत तर समुपदेशन किंवा काही दिवस आजोळी राहणं अशा गोष्टी सुचवता येतात. तुम्ही मामा ना? मग गुरुवारी स्वतः हजर राहा. दर आठवड्याला पोराकडे लक्ष देईन असं म्हणणारा एक माणूस घरात दिसला की मंडळालाही धीर येतो.

शेजाऱ्यांचं मॅडमशी आधीच फोनवर बोलून घ्या. कुणाकडे जावं, कुणाकडे नको हे सांगायला हरकत नाही. मी स्वतः गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून चालत जायचे.

एफआयआर बहुधा त्या १९ वर्षांच्या पोरामुळे झाला. एवढ्या प्रकरणात अल्पवयीन एकटा असता तर ठाण्याच्या डायरीत नोंद झाली असती. त्या मोठ्या पोराचा खटला वेगळा चालेल, भाच्याचं मंडळापुढेच. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. भरतीचं म्हणाल तर प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ही नोंद उघड करायची नाही, असं कलम ७४ मध्ये स्पष्ट आहे. तारखा मात्र चुकवू नका.

धागाकर्ता
मॅडम येऊन गेल्या. टेबल आणलं नाही. दाजी घरीच होते, आधी गुरगुरले, मग मॅडमनी पोराला बाहेर पाठवून त्यांना अर्धा तास बसवून घेतलं. काय बोलल्या ठाऊक नाही, पण जाताना दाजींनीच चहाला थांबा म्हटलं. शेजारच्या मावशींकडे मॅडम गेल्या, बाकी कुणाकडे नाही.

आता वेगळी मदत हवी आहे. दाजी एकदा दवाखान्यात जायला तयार झालेत, उद्या असतील की नाही सांगता येत नाही. सरकारी रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी कुठल्या विभागात न्यायचं, आणि भरती करून घेतात का? कुणी नेलं असेल तर कळवा.