शब्दचर्चा : मित्र, स्नेही की सखा? 'एमा'मधला एक अडलेला शब्द

जेन ऑस्टिनची 'एमा' परवा तिसऱ्यांदा वाचून संपवली. डिसेंबर १८१५ मध्ये आलेली ही कादंबरी. मैत्रीतून प्रेमाकडे जाणाऱ्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत मैत्री नावापुरतीच असते. दोघांचं जमणार हे पहिल्या पानावरच ठरलेलं. इथे मैत्री खरी आहे. कथेचा नायक नाइटली येताजाता एमाच्या घरी, हार्टफील्डला येतो, एमाच्या वडिलांपाशी बसतो, तिच्याशी वाद घालतो. बॉक्स हिलच्या सहलीत ती गरीब मिस बेट्सला चारचौघांत टाकून बोलते, तेव्हा तिला त्याबद्दल सुनावणारा तो एकटाच. परतताना गाडीत एमाचे डोळे वाहत राहतात. मला प्रेम खरं तर तिथेच दिसतं, पुढच्या कबुलीत नंतर.

मी ही गोष्ट आईला मराठीतून सांगत होते आणि कबुलीच्या प्रसंगाला अडले. बागेत फिरताना नाइटली काही बोलू पाहतो. तो दुसरीबद्दल बोलणार या धास्तीने एमा त्याला थांबवते. मग तिलाच वाईट वाटतं आणि ती म्हणते, 'फ्रेंड' या नात्याने तुम्ही सांगाल ते ऐकेन. नाइटली त्या एका शब्दापाशी थबकतो. तोच त्याला सलतो. सगळा प्रसंग त्या शब्दावर तोलला आहे.

मराठीत तिथे काय ठेवायचं? 'मैत्रीण म्हणून ऐकेन' म्हटलं की लगेच स्त्री-पुरुष आलं, इंग्रजी शब्द त्याबाबत गप्प आहे. आणि 'मित्र' तर मुळातच बसत नाही. तो सदतीस-अडतीसचा, ती एकविशीची. आपल्याकडे एवढ्या अंतराच्या माणसाला मुलगी 'माझा मित्र' म्हणत नाही. आई पटकन म्हणाली, "अगं, ते घरचे स्नेही." अगदी बरोबर शब्द! पण 'स्नेही म्हणून' हे शब्द नाइटलीला कसे टोचणार? स्नेही हा शब्द आधीच इतका अदबीचा आहे की त्यात नकाराची धार येत नाही.

शिवाय नातं आहेच. एमाची थोरली बहीण इझाबेला नाइटलीच्या धाकट्या भावाला दिलेली. म्हणजे तो बहिणीचा थोरला दीर. आईने हे ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "म्हणजे लग्न झालं की धाकटी बहीण थोरली जाऊ होणार, आणि सख्खे भाऊ साडू!" एवढी नेमकी गंमत इंग्रजीत एका शब्दात मावत नाही. क्राउन इनमधल्या नाचाच्या रात्री एमा म्हणते, आपण काही अगदी भाऊ-बहीण नाही. त्यावर तो ठासून म्हणतो, भाऊ-बहीण? मुळीच नाही. त्या वाक्याचं वजन या नात्यामुळे आहे, हे मला आईमुळे कळलं.

तुम्ही कोणता शब्द ठेवाल?

प्रतिसाद : 'सखा'चा विचार केलात का? सप्तपदीत सातव्या पावलाला वर वधूला म्हणतो, 'सखा सप्तपदी भव'. आश्वलायन गृह्यसूत्रात हेच शब्द आहेत आणि वधूलाही 'सखा'च म्हटलं आहे, 'सखी' नाही. म्हणजे तुमची स्त्री-पुरुषाची अडचण तिथे सुटते. पाणिनीने तर 'साप्तपदीनं सख्यम्' असं सूत्रच केलंय, सात पावलांनी होतं ते सख्य. 'कुमारसंभवा'त पार्वतीला हे साप्तपदीन सख्य ऐकवणारा बटू म्हणजे वेष बदलून आलेला शिव, तिचा होणारा नवरा! आपल्या परंपरेत मैत्री ही लग्नाच्या आधीची पायरी नाही, ती सातवी पायरी आहे.

प्रतिसाद : सप्तपदीचा मुद्दा सुंदर आहे, पण आजच्या मराठीत 'सखा' म्हटलं की एक तर पांडुरंग, नाही तर भावगीतातला प्रियकर. एमाने 'सखा' म्हटलं तर कबुली तिथेच होऊन गेली, नाइटलीला बोलायला काही उरत नाही. मला 'हितचिंतक' जवळचा वाटतो. तो टोचतोही.

मूळ लेखिका : 'हितचिंतक' टोचतो हे खरं, पण निवडणुकीच्या फलकावरचा वाटतो. सप्तपदीबद्दल मात्र मनापासून आभार, मी ते कालच आईला सांगितलं.

दुसरा शब्द मला याहून महत्त्वाचा वाटतो आहे. अशा गोष्टींबद्दल बोलताना आपण सर्रास 'प्रेमात पडणे' म्हणतो. एमा कुठे पडते? आपल्याला नाइटली आवडतो, असं मैत्रीण हॅरिएटच्या तोंडून ऐकल्यावर तिला क्षणात उमगतं की याने माझ्याशिवाय कुणाशी लग्न करता कामा नये. पण जे उमगतं ते किती तरी वर्षं तिथे होतंच. यासाठी आपलं क्रियापद 'जडणे'. जीव जडतो. सवय जडते, व्यसन जडतं, दुखणंही जडतं. कोंदणात खडा जडवतात तोही याच शब्दाने. रोज संध्याकाळी येणाऱ्या माणसाची आधी सवय जडते आणि मग कळतं की जीवच जडला आहे. कुणी 'मैत्रीतून प्रेम' या प्रकाराला मराठी नाव विचारलं तर मी 'जीव जडण्याच्या गोष्टी' म्हणेन. 'मित्र ते प्रियकर' नको, त्यात एक नातं सोडून दुसरीकडे गेल्यासारखं होतं. मैत्री तर जागची हलत नाही.

एक गोष्ट मात्र या आवडत्या पुस्तकात मला अजून खटकते. नाइटली म्हणतो की ती तेरा वर्षांची असल्यापासून त्याचं तिच्यावर प्रेम आहे. तो कौतुकाने म्हणत असेल, पण आईला सांगताना ते वाक्य मी गाळलं. तिथे 'माया' शब्द ठेवला असता तर चाललं असतं का? तो ऑस्टिनशी अप्रामाणिकपणा होईल असं वाटून ठेवला नाही.

आणि अहो-जाहोचं काय करायचं? इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत तो तिला 'तू' म्हणणार आणि ती त्याला 'तुम्ही', लग्न ठरल्यावरही. तो त्याच्या पहिल्या नावाने हाक मारायला सांगतो, ती नाही म्हणते, फक्त चर्चमध्ये लग्न लागताना एकदाच घेईन म्हणते. आईने हे ऐकलं मात्र, हातातली निवडायची मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे उखाणा!"