जळगावहून कंटेनर: न्हावा शेवा की पिपावाव?

धरणगावकर: राम राम मंडळी, कापसाच्या गाठी बाहेर पाठवायच्यात. एजंट म्हणतो सौराष्ट्रातल्या पिपावाव बंदराला द्या, पण रेल्वेभाडं मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापेक्षा बरंच जास्त सांगतोय, आपली सुरत लाईन तर सरळ गुजरातेत जाते मग असं का?

तापीकाठ: भाऊ, सुरतपर्यंतच सरळ. पुढे खंभातच्या आखाताला वळसा घालून वडोदरा, अहमदाबाद, सुरेंद्रनगर करत खाली सौराष्ट्रात उतरावं लागतं, आणि भाडं लागतं रुळाच्या किलोमीटरवर न् वजनाच्या स्लॅबवर. गुजरातच्या बंदरांना डबल स्टॅक (कंटेनरवर कंटेनर रचलेल्या) गाड्यांचा फायदा मिळतो तो राजस्थान-हरियाणाच्या मालाला, आपल्या लाईनीवर तो नाही.

चोपडेकर: नुसतं रेल्वेभाडं बघू नका दादा. रिकामा कंटेनर कुठून आणणार, बंदरातलं हँडलिंग किती, गाठी कंटेनर डेपोपर्यंत न्यायचा ट्रक, सगळं जोडून दोन्हीकडचा लेखी रेट घ्या. खरी अडचण वेगळीच आहे, पूर्ण रेक म्हणजे अख्खी मालगाडी, ४५ वॅगन, वीस फुटी ९० कंटेनर, एकटा जिनिंगवाला कुठून भरणार? चार-पाच जणांनी मिळून बुकिंग केलं तरच रेटवर बोलता येतं, हे आपल्याकडे व्हायलाच पाहिजे.

धरणगावकर: पटलं. शेजारच्या जिनिंगवाल्यांशी बोलतो, अजून कोणाचा माल जाणार असेल तर इथेच सांगा.