नव्या पॅनलमध्ये आरएस-४८५ अजून किती दिवस?

फेज_न्यूट्रल:
गेल्या आठवड्यात एका पंपहाऊसवर दोन दिवस फुकट गेले. आरएस-४८५ म्हणजे दोन वायरींवर अनेक यंत्रं जोडायचं मानक; तसल्या एका लायनीवर सात एनर्जी मीटर, त्यातले दोन मुके. अ‍ॅड्रेस बरोबर, बॉड (म्हणजे वेग) बरोबर, पॅरिटी (चूक पकडायची बिट) बरोबर. शेवटी कळलं, दोन वायरींची नावं 'ए' आणि 'बी', पण त्या दोघांचा 'ए' म्हणजे बाकीच्यांचा 'बी'. बरं, मीटरवाल्याला शिव्या द्याव्यात तर मानक त्यानेच पाळलेलं! १९८३च्या मूळ मानकाप्रमाणे लाइन शांत असताना 'ए' हा 'बी'पेक्षा निगेटिव्ह. बऱ्याच चिपवाल्यांनी पिनांना उलटी नावं दिली आणि तीच रूढ झाली. चाळीस वर्षांत दोन वायरींच्या नावांवर एकमत नाही, ते नव्या पॅनलमध्ये घालायचं कशाला? इथरनेट टाका आणि सुटा.

तांबेकाका:
सुटणार कसे? साधी इथरनेट केबल १०० मीटरला संपते. ४८५ कमी वेगात १२०० मीटर जाते. मध्ये सिग्नल पुढे ढकलणारा नेटवर्क स्विच ठेवलात तर त्याला सप्लाय हवा, डबा हवा आणि डब्यात उंदीर शिरू नये म्हणून नवस हवा. शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू असला तरी गोंगाट दोन्ही वायरींत जवळपास सारखाच घुसतो, रिसीव्हर बघतो फक्त दोघींमधला फरक. तो २०० मिलिव्होल्ट मिळाला तरी त्याचं भागतं. आमच्याकडची एक लाइन मी नोकरीला लागलो तेव्हापासून चालू आहे, पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय.

फेज_न्यूट्रल:
काका, अंतराचा मुद्दा जुना झाला. २०१९मध्ये आलेलं लांब पल्ल्याचं इथरनेट, १०बेस-टी१एल बघा. एकच जोडी, १० मेगाबिट, १००० मीटर. आणि तुमचा वेग? ९६०० बॉडला २० रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) वाचायचे तर प्रश्न ८ बाइटचा, उत्तर ४५ बाइटचं. बाइटला ११ बिट धरले तर ६१ मिलिसेकंद. ३२ मीटर म्हणजे २ सेकंद नुसते तारेवर, मीटर विचार करत बसतात ते वेगळंच.

चोक_बदला:
टाकीची पातळी ३ सेकंदांत किती बदलते हो? आणि टी१एल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडेच जातं. ३२ मीटर म्हटलं की ३२ पोर्ट, नाहीतर प्रत्येक मीटरच्या पोटात स्विच. तसा मीटर बाजारात मागून बघा, दुकानदार चहा पाजून परत पाठवेल.

मास्तर:
दोघेही दोन गोष्टींची खिचडी करताय. ४८५ फक्त विजेचं बोलतं: व्होल्टेज किती, लोड किती. कनेक्टर कुठला, भाषा कुठली, याबद्दल चकार शब्द नाही. तुम्ही रजिस्टर मोजताय ते त्यावर बोलल्या जाणाऱ्या भाषेचे, म्हणजे मॉडबसचे; ते १९७९चं, म्हणजे ४८५पेक्षाही जुनं. एसटी उशिरा आली म्हणून डांबराला दोष द्यायचा का?
पण काकांच्या बाजूलाही एक थाप चालते, 'दोनच वायरी लागतात' ही. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सांभाळून घेतो. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त फरक पडला की चिप गेली. तिसरी, कॉमनची (सगळ्या यंत्रांचा शून्य व्होल्ट जोडणारी) वायर ओढायची असते. ती कोणी ओढत नाही.

फेज_न्यूट्रल:
मॉडबसला पासवर्ड नाही. लायनीवर बसेल तो व्हॉल्व्ह उघडेल. याचं काय?

चोक_बदला:
इथरनेटवर तोच मॉडबस ५०२ पोर्टवर तसाच उघडा बसतो. ४८५वर निदान चोराला पंपहाऊसपर्यंत यावं लागतं.

फेज_न्यूट्रल:
हा मुद्दा मान्य. 'ए-बी'चा नाही. मानकाला 'ए' म्हणजे काय ते चिपवर छापून घेता येत नसेल तर ते मानक कसलं? टेंडरमध्ये आता मी 'डी प्लस, डी मायनस' असंच लिहिणार.

मास्तर:
लिहा, उत्तमच. ती तिसरी वायर तुम्ही ओढली होतीत का?

फेज_न्यूट्रल:
तिच्याऐवजी शील्ड (केबलचं धातूचं आवरण) जोडली होती.

तांबेकाका:
एका टोकाला की दोन्ही?

फेज_न्यूट्रल:
...उद्या जाऊन बघतो.